राजहंस आणि चव्वेचाळीस मिनिटं

“हॉर्न वाजवू नका हो... तो आधीच घाबरलाय!”

हॉर्न मी वाजवलाच नव्हता. तरी सवयीने आधी “सॉरी” म्हटलं, आणि मग काच खाली करून कोण ओरडतंय ते पाहिलं.

सप्टेंबर संपत आला होता. इंग्लंडमधल्या आमच्या ओटली गावात सकाळपासून तो नेहमीचा पाऊस लागला होता. छत्री उघडावी तर उगाच वाटतं, न उघडावी तर पायमोज्यांपर्यंत भिजवतो, असला. सुपरमार्केटच्या मागच्या आवारात माझी एक गाडी आणि एक हिरवी व्हॅन एवढंच होतं. बाहेर पडायला एकच अरुंद बोळ. आणि त्या बोळाच्या मधोमध एक भलामोठा राजहंस बसला होता. पांढराशुभ्र, मान ताठ... जणू तो रस्ता त्याच्या आजोबांनीच बांधलाय!

त्याच्यासमोर, चार हात अंतर राखून, एक उंच माणूस पावसात उभा होता. लांब राखाडी ओव्हरकोट, कपाळाला चिकटलेले केस, चष्म्यावर थेंबच थेंब.

“काय झालं त्याला?” मी खाली उतरले.

“ओल्या डांबराला नदी समजून उतरलाय बिचारा. आता उडायचं तर धावायला लांब जागा लागते, आणि इथे दोन्हीकडे भिंती.”

“तुम्हाला हंसांची बरीच माहिती दिसते.”

“छे! पाच मिनिटांपूर्वी फोनवर विचारली. पक्षी वाचवणाऱ्या एक बाई लीड्सहून निघाल्यात. त्या येईपर्यंत बोलत राहा म्हणाल्या, शांत आवाजात.”

“हंसाशी?”

“बहुतेक हंसाशीच...” त्याने चष्मा पुसायचा प्रयत्न केला. ओल्या बाहीने तो आणखीच धूसर झाला. “पण तुम्ही सोबतीला असलात तर मला जास्त सुचेल.”

मी हसले. लग्न मोडल्यापासून, म्हणजे चौदा महिन्यांत, अनोळखी पुरुषाच्या बोलण्यावर मी हसले नव्हते. म्हणून हे लक्षात राहिलं.

सुपरमार्केटच्या ट्रॉल्या गोळा करणारे रेज धापा टाकत आले. साठीचे, पिवळं जाकीट, आवाज खणखणीत. त्यांनी चार ट्रॉल्या बोळात आडव्या लावल्या आणि आम्हाला दम दिला. “गाड्या जागच्या हलवायच्या नाहीत. त्याच्या पंखाला धक्का लागला तर माझ्याशी गाठ आहे!”

आमची पार्किंगची दीड तासाची मुदत संपायला तेव्हा अकरा मिनिटं होती. त्याचा विचारही कोणाच्या डोक्यात आला नाही.

आम्ही बोलत राहिलो. हंसाशी, एकमेकांशी. माझ्या गाडीतलं आइस्क्रीम वितळायला लागलं, तेव्हा आम्ही ते डब्यातूनच खाऊन टाकलं. चमचा एकच होता, माझ्या जेवणाच्या डब्यातला. आधी त्याने पुसला, मग मी.

अर्ध्या तासाने त्या बाईंचा फोन आला. रस्त्यात अपघात होऊन वाहतूक तुंबली होती. “तुम्हीच उचला त्याला,” त्या म्हणाल्या. “अंगावर कोट टाका, पंख अंगाशी धरा, आणि मान मोकळी ठेवा.”

“कोट माझा,” तो म्हणाला. “पंख तुम्ही धराल?”

“मी? मी तर मुंगीलाही वाट देते!”

“मग हंस तुमच्यावर नक्की विश्वास ठेवेल.”

एक... दोन... तीन म्हणायच्या आत हंसाने पंख फडकावला. त्या माणसाचा चष्मा उडाला, मी किंचाळले, कोट हंसावर पडला... आणि कशी कोण जाणे, माझ्या दोन्ही हातांत ते गरम, धडधडणारं, जड ओझं आलं. कोटाआडून त्याचं काळीज माझ्या तळहातावर आपटत होतं. आम्ही दोघांनी मिळून त्याला मागच्या पायवाटेने व्हार्फ नदीपर्यंत नेलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, आणि चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नसल्यामुळे “डावीकडे... दगड... आता उतार” असं मी सांगत होते. पाण्यात सोडल्यावर हंसाने अंग झटकलं आणि मागे न बघता निघून गेला.

“आभारसुद्धा मानले नाहीत,” तो म्हणाला.

“राजघराण्यातला आहे. त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची नसते.”

परत आल्यावर रेजनी चष्मा शोधून दिला. एक काडी पार वाकडी झाली होती.

“द्या इकडे. हेच माझं काम आहे, चष्म्याच्या दुकानात असते मी.” बोटांच्या उबेने मी काडी हळूहळू सरळ केली. मग दुकानात करते तसा मीच तो त्याच्या चेहऱ्यावर चढवला आणि कानांमागे बोटं फिरवून बसतोय का ते पाहिलं. दुकानात हे दिवसाला वीसदा करते. तेव्हा कानांमागे असं तीनतीनदा बघावं लागत नाही.

काचेआडचे डोळे करडे होते. ते पहिल्यांदाच मला नीट पाहत होते.

“अरे...” तो एवढंच म्हणाला. आणि मग घड्याळ पाहून दचकला. “मेलो! इल्कलीत साडेचारला एक पियानो माझी वाट बघतोय!”

“पियानो?”

त्याने व्हॅनकडे बोट दाखवलं. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं होती: ‘एडविन ऑडी. पियानो सुरात लावून मिळतील.’

“ऑडी?” मला हसू आवरेना. “आणि चालवता ही व्हॅन?”

“तीही भाड्याची. शाळेपासून हा विनोद ऐकतोय मी. पण तुमच्या तोंडून पहिल्यांदाच आवडला.”

मी माझं नाव सांगितलं, हेटी सटक्लिफ. रेजनी ट्रॉल्या बाजूला केल्या. मी पुढे, तो मागे, असे आम्ही बाहेर पडलो. मी डावीकडे वळले, तो उजवीकडे. नंबर घ्यायचा राहूनच गेला.

नवव्या दिवशी पाकीट आलं.

“शंभर पौंड!” आई न्याहारीच्या टेबलावरच ओरडली. लग्न मोडल्यापासून मी तिच्याकडेच राहत होते. “एवढ्यात मी स्कारबरोला समुद्रकाठी जाऊन चार दिवस राहून आले असते. केलंस काय तू? बँक लुटलीस?”

पार्किंग सांभाळणाऱ्या खाजगी कंपनीची नोटीस होती. मुदत दीड तास, प्रत्यक्षात दोन तास चौदा मिनिटं. चव्वेचाळीस मिनिटं जास्त. चौदा दिवसांत भरलेत तर साठ पौंड, नाहीतर शंभर. खाली कॅमेऱ्याने टिपलेले दोन फोटो होते, आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा.

दुसरा फोटो मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. माझ्या गाडीच्या मागे हिरव्या व्हॅनचं नाक दिसत होतं. काचेमागे तो होता, हात वर केलेला. तो मला निरोप देत होता, आणि मी आरशात पाहिलंच नव्हतं!

“भरून टाक पोरी, साठात सुटशील,” आई म्हणाली. “मोठ्या कंपन्यांशी आपण कुठे भांडायचं?”

आमच्या घरची ही रीतच. गॅरेथने लग्नाला दोन महिने असताना नकार दिला तेव्हा हॉलची बुडालेली अनामतसुद्धा मी गपचूप माझ्या खिशातून भरली होती. वर त्यालाच सॉरी म्हटलं होतं. पण या वेळी काय झालं कोण जाणे... त्या फोटोकडे बघता बघता मी ठरवलं, नाही भरणार. मी काही दुकानात रेंगाळले नव्हते. मी एक जीव वाचवत होते.

त्याच दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं. मग फोन घेतला आणि त्याचा नंबर शोधला. ओटलीच्या आसपास पियानो लावणारे ऑडी कितीसे असणार? सापडला. लावायचा धीर झाला नाही. चारदा हातात घेतला, चारदा ठेवला.

तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. अपील नामंजूर. ‘पक्ष्यांमुळे झालेला विलंब आमच्या नियमांत बसत नाही.’ आता दहा नोव्हेंबरपर्यंत साठ भरा, नाहीतर त्रयस्थ मंडळाकडे दाद मागा. तिथे हरलात तर पुरते शंभर. मंडळाला पुरावा लागणार, साक्षीदार लागणार. आता तर फोन करायला अगदी कायदेशीर कारण होतं!

“हॅलो, ऑडी बोलतोय.”

“मी... ते... हंस,” माझ्या तोंडून निघालं.

“हंस फोन करायला लागले? पियानो आहे का घरी?”

“हेटी बोलतेय!”

“माहितेय गं,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम पावसातल्यासारखा मऊ झाला. “महिनाभर मी ओटलीतल्या चष्म्याच्या दुकानांच्या काचांतून आत बघत हिंडतोय. तिन्ही दुकानांत मला चोर समजतात.”

“आमच्या दुकानात का नाही आलास?”

“आलो होतो. त्या दिवशी तुझी सुट्टी होती.”

शनिवारी बाजाराच्या चौकातल्या चहाच्या दुकानात भेटलो. पाच नोव्हेंबरच्या बॉनफायरचे, शेकोट्या-फटाक्यांचे दिवस जवळ आले होते, म्हणून काचेच्या कपाटात पार्किनच्या वड्या मांडल्या होत्या, आल्याचा, गुळमट, चिकट केक. त्याने दोन मागवल्या.

“पार्किंगने कडू झालेलं तोंड पार्किनने गोड करू,” तो म्हणाला.

“हा विनोद घरून तयार करून आणलास?”

“व्हॅनमध्ये. तीनदा म्हणून पाहिला.”

मी त्याला माझं पहिलं पत्र दाखवलं. तो वाचता वाचता बोटांवर काहीतरी मोजायला लागला.

“काय मोजतोयस?”

“सॉरी. आतापर्यंत सहा झाले. ‘त्रासाबद्दल सॉरी, लांबलचक पत्राबद्दल सॉरी...’ हेटी, इथे तर तू हंसाच्या वतीनेही माफी मागितलीयस!”

“सभ्यपणा म्हणतात त्याला!”

“हो. पण सभ्य माणसाने रस्ता बंद होता हे तरी सांगावं ना? बाहेर पडायचा एकुलता एक बोळ दुकानाच्याच माणसाने ट्रॉल्या लावून बंद केला. हे तू लिहिलंच नाहीस.”

खरंच, लिहिलं नव्हतं. मी हंसाच्या डोळ्यांबद्दल अख्खा परिच्छेद लिहिला होता.

मग आम्ही नव्याने लिहायला बसलो. एका शनिवारचे दोन झाले, मग मधला बुधवारही आला. तो माझ्या वाक्यांतून लाजरे शब्द काढायचा, मी त्याच्या वाक्यांतले विनोद काढायचे. एकाच वहीवर दोघांची डोकी वाकायची. त्याच्या कोटाला अजून नदीचा मंद वास होता... की मलाच यायचा, कोण जाणे.

अडचण एकच होती. रेजची सही. ते मुलीकडे स्पेनला गेले होते, बाराला परतणार होते. आणि साठ पौंडांची सवलत दहाला संपत होती.

“म्हणजे जोखीम घ्यावी लागणार,” एडविन म्हणाला. “हरलो तर शंभर. आणि तुझी डिसेंबरची चष्म्यांच्या कामाची परीक्षा? तिची फी भरायचीय म्हणालीस.”

“भरेन. थोडे दिवस दुपारी सँडविचऐवजी टोस्ट खाईन. एडविन, मला हे करायचंय. आयुष्यात पहिल्यांदा मी ‘नाही’ म्हणतेय.”

त्याने माझा हात धरला, सोडला नाही. बाहेर कोणीतरी दोन दिवस आधीच फटाके उडवत होतं.

बाराला रेज आले. रापलेले, खूश. सुपरमार्केटच्या दारातच त्यांनी उभ्याउभ्या लिहून दिलं. ‘मी स्वतः रस्ता बंद केला होता. या दोघांनी पक्ष्याचा जीव वाचवला. कंपनीला लाज वाटली पाहिजे.’ शेवटचं वाक्य खोडायला ते तयार होईनात.

मी उड्या मारत घरी आले, अपील भरायला बसले. नोटिशीचा नंबर घातला. पडद्यावर एक ओळ आली.

‘ही रक्कम भरली गेली आहे. प्रकरण बंद.’

मला वाटलं नंबर चुकला. पुन्हा घातला. तेच. दहा नोव्हेंबर, साठ पौंड. आणि पैसे भरले की दाद मागायचा हक्क संपतो, हे कंपनीच्या पत्रातच छापलं होतं.

आई कानांवर हात ठेवून म्हणाली, “मी नाही बाई.” तोवर मला कळलंच होतं. नोटीस त्याच्यासमोर दोन आठवडे पडलेली असायची.

तो चौकात व्हॅन लावत होता. मला बघून चेहरा उजळला, आणि माझा चेहरा बघून विझला.

“तू भरलेस?”

“हेटी... मी सांगणारच होतो. मला वाटलं, उगाच तुला शंभराचा फटका... तुझी परीक्षा...”

“तुला वाटलं! गॅरेथलाही असंच वाटायचं. हेटीला हा रंग बरा, हेटीला हे घर बरं, हेटीला लग्नच नको. मला विचारायचं कोणालाच कसं वाटत नाही रे?”

“मी तुला मदत—”

“मी लढत होते, एडविन! आणि तू जाऊन माझ्या वतीने हरून आलास. तेही माझ्या पाठीमागे!”

वीसच्या तीन नोटा मी त्याच्या व्हॅनच्या सीटवर ठेवल्या आणि निघाले. त्याने हाक मारली. वळले नाही. रडू दिसलं असतं.

पंधरा दिवस मी ग्राहकांच्या नाकावर चष्मे चढवले आणि कोणाच्याच डोळ्यांत पाहिलं नाही. त्याचा एकच निरोप आला. ‘चुकलं. कसं चुकलं ते कळल्यावर बोलेन.’

“माणसाने साठ पौंड भरले म्हणून रडणारी तू पहिलीच,” आई एका रविवारी बटाटे सोलता सोलता म्हणाली. मग तिने सुरी खाली ठेवली. “पण मला कळतं गं. तुझे बाबा सगळी बिलं स्वतः भरायचे. मला वाटायचं, किती जपतात मला! ते गेले, तेव्हा बँकेतल्या पोरीला काय विचारायचं तेही मला माहीत नव्हतं. पन्नाशीची बाई मी.”

“मग मी बरोबर होते ना?”

“भांडण बरोबर होतं. आता चूक झाल्यावर तो काय करतो ते बघ. चुका सगळेच करतात... पुढचं पाऊल सगळे टाकत नाहीत.”

गुरुवारी दुकानात गर्दी होती. दारावरची घंटा वाजली. एडविन आत आला, यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली आणि दोन आजींच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसला. पाऊण तास. एका आजींनी त्याला मिंटची गोळी दिली, तीही त्याने निमूट चघळली.

“सत्तावीस,” मी पुकारलं. तो उठला. “बोला. काय त्रास होतोय तुम्हाला?”

त्या ‘तुम्हाला’ने तो कळवळला, पण मागे हटला नाही.

“दिसायला उशीर लागतो,” तो म्हणाला. “पंधरा दिवस लागले. मी ते पैसे का भरले माहितेय? तू हरशील असं मला वाटत होतं. तुला कधी बोललो नाही, स्वतःलाही नाही. तू धीट झाली होतीस आणि मी घाबरलो होतो. मदत वगैरे काही नव्हती ती. माझा तुझ्यावर भरवसा नव्हता.”

आजींनी गोळी चोखायचीही थांबवली.

त्याने खिशातून एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. “आता ही बघ. तीच कंपनी, तोच दिवस. माझी व्हॅन भाड्याची ना... नोटीस आधी व्हॅनच्या मालकाकडे गेली, तिथून फिरत फिरत काल माझ्या नावाने आली. साठ भरायची मुदत पुढच्या बुधवारपर्यंत. बुधवारी मी दोन पियानो लावणार आहे, एक पेनीही भरणार नाही. मला लढायचंय. पण मला असलं काही लिहिता येत नाही. मी आपला विनोद करतो. तू... तू लिहिशील माझ्यासाठी?”

“हरलो तर?”

“तर शंभर जातील, आणि मी सांगत फिरेन की माझी वकील उत्तम होती.”

मी पाकीट उघडलं. आतला फोटो व्हॅनचा होता. काचेमागे तोच वर केलेला हात, या वेळी अगदी स्पष्ट. आणि चेहऱ्यावर इतकं वेडं हसू, की माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना.

“माझी जेवणाची सुट्टी एक वाजता असते,” मी म्हटलं. “पेन घेऊन ये.”

“‘ये’ म्हणाली!” एक आजी दुसरीला कुजबुजली, चांगली सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या हळू.

या वेळी मी लिहिलं आणि त्याने फक्त सही केली. आडव्या लावलेल्या ट्रॉल्या, एकुलता एक बोळ, रेजचं निवेदन, पक्षी वाचवणाऱ्या बाईंच्या वहीतली फोनची नोंद, वेळेसकट. कंपनीने पुन्हा तेच दोन ओळींचं उत्तर धाडलं. आम्ही मंडळाकडे गेलो. मग वाट पाहणं आलं. डिसेंबरात मी परीक्षा दिली. तो बाहेर व्हॅनमध्ये थांबला, आणि ‘थांबू का?’ असं आधी विचारून थांबला. नाताळला आईने त्याला जेवायला बोलावलं आणि आमच्या घरातला बेसूर पियानो त्याच्याकडून फुकटात लावून घेतला. तो दर शनिवारी भेटायचा, हात धरायचा. पण ओठांवर आलेलं काहीतरी दरवेळी गिळून टाकायचा. मला कळत होतं. एकदा माझ्या वतीने घाई केल्यावर आता तो माझी वाट पाहत होता.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, फोन वाजला.

“निकाल आलाय,” तो म्हणाला. “चर्चच्या हॉलमध्ये आहे मी. उघडला नाही अजून. लिहिलंस तू, उघडायचा तूच.”

मी छातीवरच्या दुकानाच्या बिल्ल्यासकट धावले. हॉलमध्ये थंडी होती. पियानोचं पोट उघडं होतं आणि तो तारांमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा होता. त्याने फोन पुढे केला. आम्ही दोघं पियानोच्या बाकावर बसलो, खांद्याला खांदा. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीशी थांबून तीच ओळ मनात पुन्हा वाचली.

“हरलो?” त्याने विचारलं.

“‘चालकाला बाहेर पडण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता... पुरावा स्पष्ट व सुसंगत आहे...’” मी श्वास घेतला. “‘अपील मान्य. रक्कम रद्द.’”

त्याने अशी आरोळी ठोकली की उघड्या पियानोच्या सगळ्या तारा घुमल्या. मला उचललं, गरकन फिरवलं, खाली ठेवलं... आणि एकदम अवघडून मागे सरला.

“स्पष्ट व सुसंगत,” तो म्हणाला. “तुझ्याबद्दल लिहिलंय ते.”

“पुराव्याबद्दल लिहिलंय.”

“तेच ते.” तो उगाच एक पट्टी दाबत राहिला. “हेटी... खटला संपला. म्हणजे आता आपल्याला भेटायला काही कारणच उरलं नाही.”

“नाही उरलं,” मी म्हटलं.

“मग?”

त्याचे हात पट्ट्यांवर थांबले होते. तो विचारत होता, आणि उत्तर काय असावं याची मला कणभरही खूण देत नव्हता. किती प्रयत्नाने देत नव्हता, ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं.

“मग विनाकारण भेटू,” मी म्हटलं. “शनिवारी, बुधवारी, उरलेल्या दिवशीही. मला तू आवडतोस, एडविन ऑडी. खूप. केव्हापासून, ते आत्ता विचारू नकोस. माझी जेवणाची सुट्टी दहा मिनिटांत संपतेय.”

“दहा मिनिटं...” तो हसला, डोळे भरलेले. “मग मी पटकन सांगतो. मी तुझ्यावर—”

त्याला वाक्य पुरं करू द्यायला हवं होतं. पण मी आधीच पुढे झाले होते.

दुकानात मी वीस मिनिटं उशिरा पोचले, आणि दिवसभर कोणाला कारण सांगितलं नाही.